बेडक्याचे तीन नमुने आणि आठ आठवडे: अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी होणारी क्षयरोग तपासणी

अमेरिकेचे नागरिकत्व मिळालेल्या मुलाने आईवडिलांसाठी अर्ज केला, तो मंजूर झाला, पोलिसांचे प्रमाणपत्र आले, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीखही मिळाली, आणि मग ‘मेडिकल’च्या दिवशी वडिलांच्या छातीच्या एक्स-रेत डाग दिसला. तोपर्यंत कागदांच्या गतीने चाललेले हे प्रकरण त्या क्षणापासून एका जंतूच्या गतीने चालू लागते. कागदांना घाई करता येते, तारीख अलीकडे आणण्याची विनंती करता येते, मुलगा तिकडे आपल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातून चौकशीचे पत्रही पाठवू शकतो. जंतूला यातले काहीच कळत नाही. क्षयरोगामुळे व्हिसा लांबलेल्या कुटुंबांची जी घालमेल होते, तिचे बरेचसे मूळ या दोन गतींतील फरक कोणी नीट समजावून न सांगण्यात असते.

ही तपासणी कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्यांना, म्हणजे इमिग्रंट व्हिसावर जाऊन तिथे ग्रीन कार्ड घेणाऱ्यांना, आणि अमेरिकी नागरिकाशी लग्न करण्यासाठी ‘के’ व्हिसावर जाणाऱ्यांना करावी लागते. शिक्षणासाठी एफ-१ वर किंवा नोकरीसाठी एच-१बी वर जाणाऱ्यांना सर्वसाधारणपणे अशी कोणतीही तपासणी नसते. वसतिगृहात चौघांबरोबर राहणारा पुण्याचा विद्यार्थी एक्स-रेशिवाय विमानात बसतो आणि काही वर्षांनी त्याच्या आईला मात्र बेडक्याचे तीन नमुने द्यावे लागतात, ही विसंगती अनेकांना खटकते आणि ती खटकण्यासारखीच आहे. तिचे कारण वैद्यकीय नसून कायद्याचे आहे. अमेरिकेच्या कायद्यात पाहुणा आणि रहिवासी यांचे दरवाजे वेगवेगळे आहेत, आणि आरोग्य तपासणी ही रहिवाशाच्या दरवाजावर बसवलेली आहे.

ती तिथे बसून बराच काळ झाला. १८९१ च्या कायद्याने धोकादायक सांसर्गिक रोग असलेल्यांना बंदरावरून परत पाठवण्याची तरतूद केली आणि १९०७ च्या कायद्याने त्यात क्षयरोगाचे नाव स्पष्टपणे घातले. आजच्या कायद्यात ‘सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा सांसर्गिक रोग’ असा वर्ग आहे. त्यात काय असावे हे काळानुसार बदलते. एचआयव्ही २०१० मध्ये या यादीतून वगळण्यात आला. क्षयरोग राहिला, कारण तो हवेतून पसरतो: खोकल्यातून उडालेले अतिसूक्ष्म थेंब बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, आणि श्वास तर सगळ्यांनाच घ्यावा लागतो. अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे तीन जणांना क्षयरोग होतो. त्यांच्यापैकी बहुसंख्य अमेरिकेबाहेर जन्मलेले असतात. जगातील एकूण नव्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. हे आकडे शेजारी ठेवले की भारतीय अर्जदाराच्या एक्स-रेकडे एवढे निरखून का पाहिले जाते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना ‘पॅनल फिजिशियन’ म्हणतात. ते भारतीय असतात, भारतातल्या शहरांतच बसतात, परंतु त्यांना अमेरिकी दूतावासाने नेमलेले असते आणि काय तपासायचे, कोणत्या क्रमाने तपासायचे, निष्कर्ष कोणत्या वर्गात घालायचा, हे सगळे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ठरवून दिलेले असते. ‘डॉक्टरसाहेब, वडिलांना काहीच त्रास नाही, एवढे एक वेळ सोडून द्या’ ही विनंती म्हणूनच निरुपयोगी ठरते. त्या डॉक्टरांच्या हातात सूट देणे नसते. व्हिसा द्यायचा की नाही, हेही ते ठरवत नाहीत. ते केवळ वर्गीकरण लिहून पाठवतात आणि निर्णय दूतावासातील अधिकारी घेतात.

१५ वर्षांच्या आणि त्यापुढील प्रत्येक अर्जदाराचा छातीचा एक्स-रे होतो. भारतासारख्या, क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत २ ते १४ वर्षांच्या मुलांची ‘आयग्रा’ नावाची रक्तचाचणी होते. लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे या चाचणीचा निकाल बिघडत नाही, हा तिचा जुन्या त्वचेवरच्या चाचणीच्या तुलनेत मोठा फायदा आहे. ही चाचणी सकारात्मक आली तर एक्स-रे काढतात. एक्स-रे स्वच्छ असेल आणि मुलाला काही लक्षणे नसतील, तर शरीरात जंतू सुप्तावस्थेत आहे पण रोग नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा मुलाला प्रवास करता येतो. सुप्त क्षयाच्या कारणावरून व्हिसा अडवला जात नाही.

अडचण सुरू होते ती प्रौढांच्या एक्स-रेपासून. मराठीत ‘डाग’ हा शब्द मोठा घातक आहे. कपड्यावरचा डाग, चारित्र्यावरचा डाग आणि फुफ्फुसावरचा डाग यांना आपण एकच शब्द वापरतो, आणि मग वैद्यकीय बातमी घरात अब्रूची बातमी होऊन फिरते. डॉक्टरांच्या दृष्टीने तो केवळ एक व्रण असतो. पन्नास वर्षांपूर्वी नकळत होऊन गेलेला क्षय, कधीकाळचा न्यूमोनिया, गिरणीत किंवा खाणीत वर्षानुवर्षे छातीत गेलेली धूळ, यांपैकी कशाचाही तो असू शकतो. परंतु एक्स-रेत व्रणाचे वय दिसत नाही. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी दिसणारी पांढरी रेघ मेलेल्या जंतूची खूण आहे की अजून धुगधुगी असलेल्या जंतूचे घर आहे, हे फोटोवरून सांगता येत नाही. त्यामुळे ‘क्षयाशी सुसंगत’ असे काही दिसले, किंवा लक्षणे असली, किंवा अर्जदाराला एचआयव्हीची बाधा असली, तर पुढची पायरी ठरलेली असते: बेडका.

तीन लागोपाठच्या कामाच्या दिवशी, सकाळी, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली बेडका द्यावा लागतो. तोंडातली लाळ चालत नाही, छातीतून खाकरून काढलेलाच हवा. वयस्कर मंडळींना किंवा ज्यांना खोकलाच नाही त्यांना तो निघत नाही, तेव्हा मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढतात. लहान मुलांच्या बाबतीत सकाळी उपाशीपोटी नळीने जठरातील द्रव घ्यावा लागतो, कारण मुले बेडका गिळून टाकतात. प्रत्येक नमुन्याच्या दोन तपासण्या होतात. पहिली ‘स्मिअर’, म्हणजे काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. हिचा निकाल एक-दोन दिवसांत मिळतो. दुसरी ‘कल्चर’, म्हणजे नमुन्यात जिवंत जंतू असलाच तर त्याला खाद्य देऊन वाढू देणे. द्रव माध्यमात सहा आठवडे आणि घट्ट माध्यमात आठ आठवडे वाट पाहून, तरीही काही उगवले नाही, तरच ‘नकारात्मक’ असे लिहिता येते.

आठ आठवडे हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. आतड्यातला साधा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. नमुन्यात मोजकेच जंतू असतील तर डोळ्यांना दिसण्याजोगी त्यांची वस्ती तयार व्हायला आठवडे जातात, आणि नेमके असे मोजक्या जंतूंचे रुग्णच स्मिअरमधून निसटतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडण्यासाठी नमुन्यात ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. २००७ पूर्वीच्या नियमांत स्मिअर नकारात्मक आले की अर्जदार सुटत असे. त्या वर्षी सीडीसीने कल्चर सक्तीचे केले आणि पुढच्या काही वर्षांत ते देशोदेशी लागू झाले. २००७ ते २०१२ या काळातील नोंदींचा सीडीसीच्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा नव्या पद्धतीने सापडलेल्या ४,०३२ क्षयरुग्णांपैकी २,१९५ जणांचे स्मिअर नकारात्मक आणि कल्चर सकारात्मक होते. निम्म्याहून अधिक रुग्ण जुन्या पद्धतीत निरोगी ठरून विमानात बसले असते. हा आकडा वाचल्यावर आठ आठवड्यांविषयीची माझी तक्रार तरी संपली.

‘दोन तासांत निकाल देणारे जीनएक्स्पर्ट यंत्र आता सरकारी दवाखान्यातही आहे, मग थांबायचे कशाला?’ असा प्रश्न जाणकार वाचक विचारतात. ते यंत्र जंतूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा शोधते. मेलेल्या जंतूचा तुकडाही त्याला सापडतो, आणि अगदी थोडे जंतू असतील तर ते त्याच्या नजरेतून सुटूही शकतात. रोगनिदान लवकर होण्यासाठी ते अत्यंत उपयोगी आहे. परंतु ‘या माणसाच्या बेडक्यात जिवंत जंतू नाही’ असे ठामपणे म्हणण्यासाठी अजूनही उगवण्याची वाट पाहण्यावाचून मार्ग नाही. कोणते औषध लागू पडेल, याची सविस्तर चाचणीही उगवलेल्या जंतूवरच होते.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, सांगलीच्या एका ६७ वर्षांच्या गृहस्थांचा एक्स-रे ३ फेब्रुवारीला निघाला आणि ४, ५ व ६ तारखेला त्यांनी नमुने दिले. काही उगवले नाही तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निकाल हाती येईल आणि त्यांना ‘बी-१’ वर्ग मिळेल, म्हणजे एक्स-रेत खूण आहे, पण सक्रिय रोग नाही. व्हिसा मिळू शकतो. उशीर दोन महिन्यांचा.

कल्चर सकारात्मक आले तर वर्ग ‘ए’. या वर्गात व्हिसा मिळत नाही. मार्चच्या सुरुवातीला जंतू उगवला, औषधांच्या चाचण्या होऊन महिन्याच्या मध्यात उपचार सुरू झाले, तर सहा महिन्यांचा क्रम सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालेल. उपचारांदरम्यान ठरावीक काळाने बेडका तपासला जातो, आणि शेवटी पुन्हा कल्चर. म्हणजे पुन्हा आठ आठवडे. ते नकारात्मक आल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला, ‘बी-०’ वर्ग मिळतो: रोग होता, देखरेखीखाली उपचार पूर्ण झाले. फेब्रुवारीत सुरू झालेली गोष्ट दिवाळी उलटल्यावर मार्गी लागते. औषधे सहा महिन्यांची असताना उशीर नऊ-दहा महिन्यांचा कसा, याचे उत्तर दोन्ही टोकांना कल्चरसाठी पाहाव्या लागणाऱ्या वाटेत आहे. एक्स-रेत फुफ्फुसात पोकळी दिसत असेल आणि दोन महिन्यांच्या उपचारानंतरही कल्चर सकारात्मक राहिले, तर क्रम नऊ महिन्यांपर्यंत वाढतो. औषधांनी कावीळ झाली तर काही दिवस गोळ्या थांबवाव्या लागतात आणि चुकलेले डोस पुढे भरून काढावे लागतात.

उपचार कोठे घ्यायचे, या मुद्द्यावर सर्वांत महागडी चूक होते. रिपोर्ट सकारात्मक आला की घरचे लोक ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांकडे धाव घेतात, चांगल्या कंपनीच्या गोळ्या आणतात आणि सहा महिन्यांनी फाईल घेऊन पॅनल फिजिशियनकडे परततात. रुग्ण बरा झालेला असतो, परंतु दूतावासाच्या दृष्टीने उपचार झालेलेच नसतात. नियमाला हवा असतो तो नेमून दिलेल्या केंद्रात, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिळलेला प्रत्येक डोस. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात घरातील व्यक्तीही रुग्णाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवू शकते. व्हिसाच्या कामी सूनबाईंनी दिलेली ग्वाही चालत नाही. अशी केंद्रे गावोगावी नसल्यामुळे सांगलीच्या त्या गृहस्थांना सहा महिने मोठ्या शहरात नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहावे लागू शकते, आणि त्याचा खर्च अर्जदाराचाच असतो. उशिराइतकाच हा खर्चही कुटुंबाला बसतो, पण त्याची चर्चा होत नाही.

समोर बसवून गोळ्या खायला लावण्याची ही पद्धत अपमानास्पद वाटते, असे अनेक वडीलधारे सांगतात. तिची मुळे मात्र बरीचशी आपल्याच देशात आहेत. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने दाखवून दिले की रुग्णाला आरोग्यधामात न ठेवता घरी औषधे दिली तरी तो तितकाच बरा होतो. त्याच कामातून हेही लक्षात आले की बरे वाटू लागल्यावर माणूस गोळ्या सोडतो, मग तो शिकलेला असो वा नसो. देखरेखीखालील उपचारांची कल्पना तेथील आणि हाँगकाँगमधील अनुभवातून रुजली आणि जगभर गेली. आता ती व्हिसाच्या नियमांतून आपल्याकडे परत आली आहे, इतकेच.

जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल तर प्रकरण वेगळ्या वाटेला लागते. अशा रुग्णांचे उपचार सीडीसीशी सल्लामसलत करून ठरवले जातात. पूर्वी त्यांना दीड ते दोन वर्षे लागत. सहा महिन्यांचा ‘बीपाल्म’ हा नवा औषधक्रम जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केला आणि भारत सरकारने २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यामुळे वाट कमी झाली तरी प्रत्येकाला तो लागू होत नाही.

जंतूचे आणि औषधांचे घड्याळ संपले की कागदांचे घड्याळ सुरू होते, आणि ते उलट्या दिशेने चालते. एक्स-रे स्वच्छ असलेल्याचे मेडिकल साधारणपणे सहा महिने ग्राह्य असते. बी-१ आणि बी-० वर्गांतील लोकांना तीनच महिने मिळतात. व्हिसाची मुदत मेडिकलच्या मुदतीपलीकडे जात नाही, म्हणून त्या तीन महिन्यांतच मुलाखतीचे राहिलेले काम, पासपोर्टवर शिक्का, तिकीट आणि प्रत्यक्ष अमेरिकेत पाऊल हे सारे उरकावे लागते. मुदत टळली तर पुन्हा एक्स-रे, पुन्हा नमुने आणि पुन्हा आठ आठवडे. आईचे मेडिकल फेब्रुवारीत झाले आणि वडिलांचा शेवटचा निकाल नोव्हेंबरमध्ये आला, तर निरोगी आईलाही नव्याने मेडिकल करावे लागते. शिवाय ती रुग्णाच्या सहवासातली असल्यामुळे तिची वेगळी तपासणी होतेच.

या काळात दूतावासाच्या संकेतस्थळावर प्रकरणापुढे ‘नाकारले’ असा शब्द दिसू शकतो. तो वाचून घरात सुतक पाळल्यासारखी शांतता पसरते. वैद्यकीय कागद अपुरे असताना अधिकारी २२१-जी या कलमाखाली प्रकरण थांबवतात, आणि संगणकाच्या भाषेत थांबवणे व नाकारणे यांना एकच शब्द आहे. वर्ग ‘ए’मुळे आलेला नकारही उपचार पूर्ण होऊन वर्ग बदलला की उठतो. एवढी साधी गोष्ट त्या पडद्यावर एका ओळीत लिहून टाकणे अवघड नाही, पण ती लिहिलेली नसते. खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. अर्जदाराने वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर प्रकरणाची नोंदणी रद्द होऊ शकते. त्यामुळे उपचार चालू असल्याचे दूतावासाला लेखी कळवत राहणे आणि ते कागद जपून ठेवणे आवश्यक आहे.

उशिराची झळ सर्वांना सारखी बसत नाही. अमेरिकी नागरिकाच्या आईवडिलांना किंवा पतीपत्नीला वार्षिक कोटा नसतो, त्यामुळे उपचार संपले की त्यांचा व्हिसा तिथेच असतो. भावाबहिणींच्या वर्गात मात्र भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ रांगेत उभे राहावे लागते. आपली पाळी आल्यावर उपचार सुरू झाले आणि दरम्यान रांगेची तारीख मागे सरकली, तर बरा झालेला माणूसही पुन्हा ताटकळतो. मुख्य अर्जदारच आजारी असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेली बायकामुले त्याच्या आधी जाऊ शकत नाहीत. उलट, एखादे मूल आजारी असेल तर बाकीच्यांना पुढे जाऊन ते मूल मागाहून बोलावता येते, पण दहा वर्षांच्या मुलीला आजीकडे ठेवून विमानात बसणे किती जणांना जमेल, हा प्रश्न कोणत्याही अर्जात नसतो. वर्ग ‘ए’ असतानाच जाऊ देण्याची, म्हणजे ‘वेव्हर’ची, तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी अमेरिकेतील आरोग्य यंत्रणेला उपचारांची जबाबदारी स्वीकारावी लागते, आणि प्रत्यक्षात ही तरतूद क्वचितच वापरली जाते.

मेडिकलच्या आधीच्या काही आठवड्यांत दोन मोह टाळावे लागतात. पहिला, पूर्वीचा क्षय लपवण्याचा. व्रण एक्स-रेत दिसतोच, आणि लपवलेली माहिती उघड झाली तर आरोग्याचा प्रश्न खोट्या निवेदनाचा प्रश्न होऊन बसतो. पूर्वीच्या उपचारांचे कागद आणि जुने एक्स-रे बरोबर नेले तरी नमुने चुकत नाहीत, पण डॉक्टरांना तुलना करता येते. दुसरा मोह, खोकला जावा म्हणून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेण्याचा. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबतात. त्यामुळे कल्चरचा निकाल फसवा येऊ शकतो आणि आजार पुढे अधिक अवघड रूपात वर येतो. घर विकणे, नोकरीचा राजीनामा देणे आणि परत न होणारी तिकिटे काढणे या गोष्टी पासपोर्टवर व्हिसा लागल्यानंतरच्या आहेत.

व्हिसा मिळाल्यावर एक्स-रेची सीडी हातातल्या पिशवीत ठेवावी, विमानतळावर जमा करायच्या सामानात टाकू नये. बी वर्गातील प्रवाशाची नोंद अमेरिकेत पोहोचल्यावर त्याच्या राज्याच्या आरोग्य विभागाकडे आपोआप जाते, आणि काही दिवसांत स्थानिक क्षयरोग दवाखान्यातून मुलाच्या पत्त्यावर पत्र किंवा फोन येतो. त्याने ग्रीन कार्ड धोक्यात येत नाही. तिथले डॉक्टर तीच सीडी मागतात, नवा एक्स-रे काढून दोन्ही शेजारी लावतात आणि डाग वाढला आहे की जिथल्या तिथे आहे, एवढे पाहतात.